धाविकाचा नकाशा सासवड रस्त्यालाच का चिकटतो?

दर वर्षी एप्रिल उजाडला की माझ्याकडे हे एकच दुखणं येतं. प्रबंध द्यायची तारीख जवळ आलेली असते, लॅपटॉपवर मॅक्सएंटचा, म्हणजे नोंदींवरून एखादी जात कुठे असू शकेल ते सांगणाऱ्या सॉफ्टवेअरचा, नकाशा उघडा असतो आणि समोर बसलेला जीव अर्धा खूश, अर्धा धास्तावलेला असतो. यंदाची विद्यार्थिनी धाविकावर काम करत होती. ओसाड माळावर आणि नांगरटीच्या रानात तुरुतुरु धावणारा, डोक्यावर तांबूस टोपी आणि डोळ्यावर पांढरी भुवई असलेला हा पक्षी पुणेकर पक्षीवेड्यांचा लाडका.

"सर, एयूसी नव्वदच्या पुढे आलाय," म्हणत तिने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. एयूसी म्हणजे मॉडेलला एकपैकी मिळालेले गुण, नव्वद म्हणजे ०.९०.

नकाशात दिवेघाट चढून सासवड, पुढे जेजुरी, मोरगाव, सुपे असा एक लालभडक पट्टा होता. लाल म्हणजे पक्षी असण्याची शक्यता जास्त, निळा म्हणजे कमी. दुसरा लाल डाग भिगवणला. शहरात पाषाण तलावाच्या अंगालाही थोडी लाली. आणि शिरूर तालुका, जिथे मैलोन्‌मैल कोरडा माळ आहे, तो जवळजवळ सगळा निळा.

"पाषाणला धाविक?"

"नसतो सर. पण मॉडेल म्हणतंय."

मॉडेल काय म्हणत होतं ते उघड होतं. पुण्यातली माणसं रविवारी सकाळी गाडी काढून कुठे जातात, याचा तो बऱ्यापैकी नेमका नकाशा होता. धाविक त्यात निमित्तापुरता. यालाच सॅम्पलिंग बायस म्हणतात. मी त्याला नोंदींचं झुकतं माप म्हणतो, कारण तराजू कोणत्या बाजूला झुकलाय हे कळलं की निम्मं काम होतं. तोच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो म्हणून काय तपासायचं आणि काय करायचं ते इथे सविस्तर लिहितोय. उदाहरण पुणे जिल्ह्याचं आणि पक्ष्याचं आहे. खोकड, तरस किंवा बेडूक घेतलात तरी तपासायची पद्धत हीच, फक्त झुकण्याची दिशा वेगळी निघेल.

आधी बघा, आजार हाच आहे का

तीन चाचण्या आहेत, तिन्ही मिळून एका दुपारचं काम. पहिली मी वंचकाची चाचणी म्हणतो. धाविकाच्या नोंदी जिथून घेतल्यात तिथूनच वंचकाच्या नोंदी उतरवा. वंचक म्हणजे डबक्याच्या काठाला ध्यान लावून बसणारा तो मातकट बगळा. माळाशी त्याचं देणंघेणं नाही. त्याच पर्यावरणीय थरांवर (पाऊस, उंची, झाडोरा यांचे नकाशे), त्याच सेटिंगने त्याचं मॉडेल चालवा आणि दोन्ही नकाशे शेजारी ठेवा. माळावरचा पक्षी आणि पाणथळीतला पक्षी यांचे नकाशे सख्ख्या भावांसारखे दिसले तर दोघांचा बाप एकच आहे, आणि तो म्हणजे नोंदणारा माणूस. आमच्या धाविकाचा आणि वंचकाचा नकाशा सासवडपर्यंत इतका सारखा आला की तिने फाइलचं नाव दोनदा तपासलं.

दुसरी चाचणी रस्त्याची. प्रत्येक नोंदीपासून जवळच्या डांबरी रस्त्याचं अंतर काढा, मग तेवढेच बिंदू जिल्ह्यात यदृच्छया टाकून त्यांचंही अंतर काढा. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये हे काही मिनिटांत होतं. दोन आलेख एकमेकांवर ठेवलेत की बोलायला काही उरत नाही.

तिसरी चाचणी वाराची. नोंदींच्या तारखांवरून वार काढा. शनिवार-रविवारचा ढीग लागला, त्यातही नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने फुगलेले निघाले, तर माप जागेत झुकलंय तसं काळातही झुकलंय. हिवाळ्यात भोवत्या हे शिकारी पक्षी बघायला माळावर गेलेल्यांना धाविक सहज मिळतो. मे महिन्याच्या उन्हात तिथे कोण जातंय? हंगाम बदलला की पक्षी जागा बदलतो असा निष्कर्ष अशाच आकड्यांवरून काढलेला मी पाहिलाय. सावध राहा.

हे होतं कसं, आणि पुण्यात जास्त का होतं

मॅक्सएंट काय करतो ते साध्या भाषेत सांगतो. जिथे पक्षी दिसला तिथलं हवामान, उंची, झाडोरा तो एका बाजूला ठेवतो. दुसऱ्या बाजूला अख्ख्या अभ्यासक्षेत्रातून उचललेले बॅकग्राउंड बिंदू. मग विचारतो, या दोन ढिगांत फरक काय? त्याची समजूत अशी असते की माणसं सगळीकडे सारखीच फिरली आहेत, म्हणून जो फरक दिसेल तो पक्ष्याच्या आवडीनिवडीचा. तुमच्या नोंदी रस्त्याकडेच्या आणि बॅकग्राउंड जिल्हाभराचं असेल, तर फरक रस्त्याचा निघतो आणि तो पक्ष्याच्या नावावर खपतो.

आता पुणे जिल्ह्याची ठेवण बघा. पश्चिमेला ताम्हिणीच्या अंगाला पाऊस काही हजार मिलिमीटरमध्ये मोजतात. शहरात तो सातशेच्या आसपास येतो आणि बारामती-इंदापूरकडे पाचशेच्या आतबाहेर. पश्चिम टोकापासून पूर्व टोकापर्यंत जाताना पाऊस पायऱ्या उतरावा तसा उतरतो. त्यामुळे "शहरापासून किती लांब" आणि "पाऊस किती" ही दोन्ही माहिती एकमेकींत गुंतलेली आहे. माणसं शहराजवळच्या माळावर जास्त जातात आणि मॉडेल निष्कर्ष काढतं की धाविकाला सहाशे मिलिमीटर पाऊस मानवतो.

हे सगळीकडे असंच होतं असं मात्र नाही. इस्रायलमधल्या झाडाझुडपांवर कॅडमन आणि सहकाऱ्यांनी २००४ साली याच प्रश्नावर निबंध लिहिला होता. नोंदी रस्त्यालगत दाटलेल्या होत्या, तरी रस्त्यांचं जाळंच जवळपास सगळ्या हवामानांतून फिरत असल्याने मॉडेलचं फारसं बिघडलं नाही. म्हणजे नोंदी रस्त्याजवळ आहेत का, एवढं विचारून भागत नाही. रस्त्यांनी आणि रविवारच्या सहलींनी एखादं हवामान, एखादी माती वगळली आहे का, हे विचारायचं. आमच्याकडे वगळली आहे.

उलट टोकाचं उदाहरण अॅमेझॉनचं. ब्राझीलच्या जंगलात ठरावीक जागी प्रदेशनिष्ठ वनस्पती एकवटलेल्या दिसत होत्या, आणि त्यावरून हिमयुगात जंगल कुठे कुठे तगून राहिलं असेल याचे आडाखे बांधले जात होते. ब्रूस नेल्सन आणि सहकाऱ्यांनी १९९० साली दाखवलं की ही केंद्रं आणि वनस्पतिशास्त्रज्ञांनी सर्वांत जास्त नमुने गोळा केलेल्या जागा बऱ्याच अंशी एकच आहेत. तेव्हा प्रबंधातल्या एका नकाशावरून कुणी फार कानकोंडं व्हायचं कारण नाही.

आणखी एक. झुकण्याची दिशा प्राण्यागणिक बदलते. पक्षीनिरीक्षक सिंहगडाच्या पायथ्याची दरी, पाषाण, कवडी, भिगवण इथे जातात. बेडूकवाले जुलैच्या रात्री घाटरस्त्यांवर टॉर्च घेऊन फिरतात, म्हणून बेडूक रस्त्यावरच राहतात असं वाटायला लागतं. जुन्नरच्या बिबट्यांच्या नोंदी बऱ्याचदा उसाच्या फडात माणसाशी गाठ पडल्यावर होतात. फुलवेडे पावसाळा संपताना घाटमाथ्यावर असतात. एकाचं माप वापरून दुसऱ्याचं झुकणं दुरुस्त होत नाही.

उजनीच्या पाण्यात उभा धाविक

दुरुस्तीच्या उपायांआधी झाडलोट. हा भाग कंटाळवाणा आहे आणि नेमका हाच लोक टाळतात.

तिच्या नोंदींतला एक ठिपका मी उपग्रहचित्रावर मोठा करून पाहिला. तो उजनीच्या फुगवट्यात, काठापासून आत, निळ्याशार पाण्यावर होता. धाविक पोहत नाही. झालं होतं असं की ईबर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या याद्या टाकायच्या संकेतस्थळावर, भिगवणचा हॉटस्पॉट म्हणून एक टाचणी आहे. दिवसभर त्या परिसरात हिंडून, येता येता पलीकडच्या माळावर धाविक पाहिलेल्या माणसानेही अख्खी यादी त्याच टाचणीवर टाकली. मॉडेल नकाशाच्या बारीक चौकटी पाडून बघतं. त्याने त्या चौकटीतला पाणथळीचा थर वाचला आणि धाविकाच्या आवडींत तलाव घातला. पाषाणच्या लालीची मुळंही थोडीफार अशाच नोंदींत सापडली.

यावर उपाय म्हणजे ईबर्डचा मूळ बेसिक डेटासेट त्यांच्याकडून मागून घेणे. जीबीआयएफ या जगभरच्या जीवनोंदींच्या भांडारात ईबर्डच्या नोंदी मिळतात, पण तिथे यादी किती वेळाची, किती किलोमीटरची हे येत नाही, आणि आपल्याला पुढे सगळं काम त्या माहितीवरच करायचंय. मूळ डेटासेट हातात आला की पाच किलोमीटरपेक्षा लांबच्या आणि पाच तासांपेक्षा मोठ्या याद्या मी काढून टाकतो. पाच हा आकडा दगडावरची रेघ नाही. पण वीस किलोमीटर फिरून केलेल्या यादीचा ठिपका एक किलोमीटरच्या चौकटीत बसवणं म्हणजे स्वतःलाच फसवणं.

आयनॅचरलिस्टचं, म्हणजे कुठल्याही जिवाची फोटोसह नोंद टाकायच्या संकेतस्थळाचं, गणित वेगळं. धोक्यातल्या जातींच्या नोंदींची जागा ते मुद्दाम धूसर करतात आणि ठिपका ०.२ अंश लांबी-रुंदीच्या चौकोनात कुठेही टाकतात. म्हणजे आपल्याकडे वीसेक किलोमीटर इकडे किंवा तिकडे. शिकाऱ्यांपासून जपायला हे योग्यच आहे, पण मॉडेलला तो ठिपका विषासारखा. नोंदीसोबत अनिश्चिततेचा एक रकाना येतो. चौकटीच्या आकारापेक्षा तो आकडा मोठा असेल तर ती नोंद बाजूला काढा. रकाना रिकामा असेल तर त्या नोंदीकडे अधिकच संशयाने बघा.

झाडलोट झाल्यावर तिच्या नोंदी निम्म्याहून कमी उरल्या. तिचा चेहरा पडला. उरलेल्या मात्र खऱ्या जागेवरच्या होत्या.

विरळणी

शेतात बाजरी दाट उगवली की विरळणी करतात, तसंच इथे. एकमेकींच्या फार जवळच्या नोंदींपैकी काही उपटून टाकायच्या. आर या संख्याशास्त्राच्या संगणकभाषेतलं एसपीथिन हे पॅकेज हेच करतं. प्रत्येक वेळी ते यदृच्छया वेगळी रोपं उपटतं, म्हणून शंभरेक वेळा चालवून ज्या फेरीत जास्त नोंदी उरतील ती घ्यायची.

अंतर किती ठेवायचं हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो आणि "दहा किलोमीटर, अमुक निबंधात होतं" असं स्वतःच उत्तर देऊन मोकळा होतो. पुणे जिल्ह्यात एकच अंतर सगळीकडे लावणं मला पटत नाही. मुळशीपासून पूर्वेला दहा किलोमीटर आलात तर पाऊस झपाट्याने घटतो. तेवढ्यात दोन नोंदी असतील तर त्या दोन वेगवेगळ्या हवामानांतल्या आहेत, उपटू नका. दौंड ते इंदापूर मात्र दहा किलोमीटरला काडीचाही फरक पडत नाही. घाटाकडे अंतर कमी आणि पूर्वेला जास्त, किंवा सरळ पाऊस-उंचीच्या फरकावर विरळणी, असं करा. धाविकासाठी घाटाचा प्रश्न नव्हता, म्हणून आम्ही पाच किलोमीटरवर भागवलं.

विरळणीने दाटी कमी होते, खळगे भरत नाहीत. सासवडचे चाळीस ठिपके सहावर आले तरी शिरूरचे दोन ते दोनच राहतात. विरळणी करून नोंदी वीस-पंचविसाच्या खाली गेल्या तर मॅक्सएंटचा रेग्युलरायझेशन मल्टिप्लायर (मॉडेलला किती साधं ठेवायचं तो आकडा) मुळातल्या १ वर ठेवू नका. दोन, तीन करून बघा, आरच्या ईएनएमइव्हॅल पॅकेजमध्ये तुलना करा, नाहीतर मॉडेल प्रत्येक ठिपक्याला लोंबकळत बसेल.

खरा उपाय बॅकग्राउंडमध्ये आहे

नोंदी झुकलेल्या आहेत ना, मग बॅकग्राउंडही तितकंच आणि तिकडेच झुकवा. दोन्ही पारड्यांत सारखाच खोट असेल तर तो एकमेकांत फिटतो. स्टीव्हन फिलिप्स आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये ही टार्गेट-ग्रुप पद्धत नीट मांडली. ज्या माणसांनी, ज्या पद्धतीने तुमचा पक्षी नोंदवला, त्याच माणसांनी इतर पक्षी जिथे जिथे नोंदवले त्या जागा बॅकग्राउंड म्हणून घ्यायच्या.

मी तिला कागदावर आकडे मांडून दाखवलं. आकडे मनचे आहेत, मुद्दा कळावा म्हणून. समजा सासवडजवळच्या एका चौकटीत चारशे याद्या झाल्या आणि त्यांतल्या चाळीसमध्ये धाविक आला. शिरूरच्या एका चौकटीत पाचच याद्या, त्यांतल्या दोनमध्ये धाविक. साधं मॉडेल चाळीस आणि दोन बघतं आणि सासवडला वीसपट भारी ठरवतं. याद्यांच्या तुलनेत बघाल तर सासवडला दहातून एकदा आणि शिरूरला पाचातून दोनदा. पारडं एकदम फिरलं.

"म्हणजे शिरूर चौपट चांगलं?" तिने विचारलं.

एवढी घाई नको. पाचातून दोन हा आकडा हलका आहे, एक सकाळ इकडची तिकडे झाली असती तर पाचातून एक झाला असता. पण शिरूर निळं रंगवायला आपल्याकडे काही आधार नव्हता, एवढं नक्की.

इथे एक खड्डा आहे आणि त्यात बहुतेक जण पडतात. बॅकग्राउंडसाठी नोंदी मोजायच्या की याद्या? भिगवणला होडीत बसून एक चक्कर मारली की यादीत साठ-सत्तर जाती सहज येतात. माळावर तेवढ्याच वेळात पंधरा-वीस. नोंदी मोजल्यात तर भिगवणची एक भेट माळावरच्या तीन-चार भेटींएवढी भरते. मग तुम्ही दुरुस्त करताय ते माणसांचं झुकणं राहत नाही, जातींची श्रीमंती होते, आणि पाणथळीजवळचा माळ फुकटच मार खातो. म्हणून याद्या मोजा, भेटी मोजा. आयनॅचरलिस्टवर याद्या नसतात, तिथे एका माणसाचा एका जागचा एक दिवस ही एक भेट धरा.

गट निवडतानाही तारतम्य हवं. सगळे पक्षी घेतले तर नुसत्या तळ्याकाठी बसून राहिलेल्यांच्या भेटीही येतात. त्यांना धाविक दिसायची शक्यता मुळातच नव्हती. आम्ही चंडोल, माळटिटवी, पखुर्डी, तित्तिर यांपैकी किमान एक पक्षी आलेल्या पूर्ण याद्याच, म्हणजे दिसलेले सगळे पक्षी लिहिलेल्या याद्याच, घेतल्या. याचीही किंमत आहे. माळावरच्या पक्ष्यांच्या याद्याच फक्त घेतल्यावर मॉडेल "माळ की माळ नाही" हे सांगत नाही, "कोणता माळ" हे सांगतं. प्रश्न कोणता आहे ते आधी ठरवा.

बायस ग्रिड आणि दहा हजारांचा सापळा

भेटींच्या ठिपक्यांवरून घनतेचा एक थर करून तो मॅक्सएंटला बायस फाइल म्हणून देता येतो. भेटी जास्त तिथे आकडा मोठा. काम सोपं आहे, चुका ठरलेल्या.

सर्वांत मोठी चूक म्हणजे घनता स्वतःच्याच जातीच्या नोंदींवरून काढणे. धाविकाचा ठिपका जिथे, तिथेच बॅकग्राउंड दाट, म्हणजे धाविकाची आवडही झुकण्यासोबत धुऊन निघाली. नकाशा सपाट येतो आणि विद्यार्थी म्हणतो, "सर, माझा पक्षी सगळीकडे राहतो." दुसरी चूक शून्याची. या ग्रिडमध्ये शून्य किंवा ऋण आकडा चालत नाही. जिथे कुणी गेलं नाही तिथेही एक बारीक धन आकडा ठेवावा लागतो. तिसरी पसाऱ्याची. घनता काढताना त्रिज्या फार मोठी धरली तर अख्खा जिल्हा एकसारखा गुलाबी होतो, फार लहान धरली तर प्रत्येक हॉटस्पॉटवर सुई उभी राहते. याला सूत्र शोधत बसण्यापेक्षा दोन-तीन त्रिज्यांनी काढा आणि ज्या रस्त्यांवरून तुम्ही स्वतः जाता ते नीट दिसतात का बघा.

चौथी चूक मला स्वतःला दोन दिवस छळून गेली, म्हणून जरा थांबून सांगतो. बायस फाइल दिली, फाइल बरोबर होती, तरी नकाशा हलेना. सासवड तसंच लाल. शेवटी कागदावर भागाकार केला. पुणे जिल्ह्याचं क्षेत्रफळ १५,६४३ चौरस किलोमीटर. हवामानाचा थर अक्षांश-रेखांशाच्या ३० सेकंदांचा, म्हणजे आपल्या अक्षांशावर एक चौकट साधारण ०.८ चौरस किलोमीटरची. एकूण चौकटी झाल्या एकोणीस-वीस हजार. मॅक्सएंट मुळात बॅकग्राउंडला १०,००० बिंदू घेतो, आणि आरमध्ये बिंदू काढताना मीही तोच आकडा ठेवला होता, एक चौकट एकदाच या अटीवर. निम्म्याहून जास्त चौकटी उचलायच्या म्हटल्यावर वजन कमी असलेल्या चौकटीही आपोआप आल्या. आणि सासवडच्या चौकटीला कितीही वजन द्या, ती एकदाच येणार. झुकाव विरघळून गेला होता.

उपाय दोनच. एक तर तीच चौकट पुन्हा पुन्हा येऊ द्या, म्हणजे पुनरावृत्तीसह निवड करा. नाहीतर बिंदू हजार-दोन हजारांवर आणा. देशपातळीवर काम करणाऱ्यांना हा त्रास कधी होत नाही, म्हणून त्यांच्या सूचनांत तो सापडतही नाही. जिल्ह्यापुरतं काम करणाऱ्यांनी आधी आपल्या चौकटी मोजाव्यात.

चौकटी वाढवायला काही जण क्षेत्रच अख्ख्या महाराष्ट्राएवढं करतात. ते आगीतून फुफाट्यात. कोकण आणि गडचिरोलीचं जंगल बॅकग्राउंडमध्ये आलं की धाविक तिथे नाही हे शेंबडं पोरही सांगेल, मॉडेलही सांगतं, आणि एयूसी फुगतो.

याद्यांची माहितीच नसेल तर आणखी एक वाट आहे. वॉर्टन आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये सुचवल्याप्रमाणे रस्त्यापासूनचं अंतर हाही एक घटक म्हणून मॉडेलमध्ये घाला आणि नकाशा काढताना ते सगळीकडे एकच धरा, जणू प्रत्येक चौकट रस्त्यालगत आहे. पक्षीच रस्त्याला बुजत असेल तर मात्र बुजणं आणि न दिसणं वेगळं करता येत नाही. धाविकाला रस्त्याचं फार वावडं नाही. तरसावर काम करत असाल तर हा मार्ग सोडा.

एयूसी पडला म्हणून घाबरू नका

दुरुस्तीनंतर तिचा एयूसी नव्वदच्या पुढून घसरून ०.७५च्या आसपास आला. रात्री साडेअकराला तिचा फोन. "सर, बिघडलं सगळं. जुनंच देऊ का?"

अजिबात नाही. पहिला एयूसी मोठा होता कारण प्रश्नच सोपा होता. रस्त्याकडेचे ठिपके जिल्हाभरच्या ठिपक्यांतून वेगळे करायचे, त्याला अक्कल किती लागते? आता सगळेच ठिपके माणसं गेलेल्या जागांमधले आहेत आणि त्यांतून धाविकाचे वेगळे काढायचेत. प्रश्न अवघड झाला, गुण कमी पडले. वेगवेगळं बॅकग्राउंड वापरलेल्या दोन मॉडेलांचे एयूसी एकमेकांशी ताडून बघायचेच नसतात. परीक्षक विचारतील तेव्हा हे उत्तर तोंडपाठ असू द्या, कारण विचारतातच.

तपासणीच्या नोंदी यदृच्छया बाजूला काढू नका. सासवडच्या नोंदींवर शिकलेलं मॉडेल सासवडच्याच उरलेल्या नोंदींवर तपासलं तर ते पास होणारच, पेपर फुटलेला आहे. जिल्ह्याचे ठोकळे पाडा आणि एक अख्खा ठोकळा लपवून ठेवा. ब्लॉकसीव्ही हे पॅकेज त्यासाठी आहे. बारामती-इंदापूर लपवून उरलेल्यावर शिकवा आणि मग इंदापूरचे माळ ओळखतंय का ते बघा.

जमिनीच्या वापराचा थरही एकदा डोळ्यांनी तपासा. सरकारी वर्गवारीत माळरान फार काळ पडीक म्हणून मोजलं गेलं. उपग्रहाच्या नकाशांतही गवताळ माळ आणि उन्हाळ्यातलं रिकामं शेत यांत बऱ्याचदा गल्लत असते. मॉडेलला शेत आणि माळ सारखंच दिसत असेल तर त्यात बायसचा दोष नाही.

जिथे कुणी गेलंच नाही

आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? वरचं सगळं केलं तरी ज्या हवामानात, ज्या मातीवर एकही यादी नाही, तिथला रंग हा मॉडेलचा तर्क असतो. असे भाग शोधायला मेस नावाची मोजणी आहे. एलिथ आणि सहकाऱ्यांनी ती २०१० मध्ये मांडली. तुमच्या बिंदूंनी पाहिलेल्या हवामानाच्या बाहेर कोणती चौकट पडते ते ती सांगते. त्या चौकटींवर नकाशात तिरप्या रेघा मारा. निळा ठेवू नका, कारण वन विभागातला माणूस किंवा रस्त्याचं काम घेणारा सल्लागार निळ्याचा अर्थ "इथे काही नाही" असाच घेणार. प्रबंधातला असा निळा पट्टा पुढे जाऊन एखाद्या माळावर डंपर फिरवू शकतो.

आणि मग गाडी काढा. तिने काढली. पाऊस आणि जमिनीचा वापर यांचे गट पाडून, ज्या गटात याद्या सर्वांत कमी त्यांतल्या चौकटी चिठ्ठ्या टाकून निवडल्या. शिरूर तालुक्यात पाबळ-मलठणच्या बाजूच्या पाच आल्या. चांगला माळ दिसला म्हणून चौकट बदलायची नाही, हा नियम. तो तिला दुसऱ्याच दिवशी जड गेला, कारण चिठ्ठीतली एक चौकट निव्वळ कांद्याची शेतं निघाली आणि शेजारच्या चौकटीत सुरेख माळ होता. कांद्याच्याच चौकटीत जायला लावलं.

प्रत्येक चौकटीला तीन सकाळी, प्रत्येक वेळी तीस मिनिटं. एकदाच जाऊन "नाही" लिहिलं तर पक्षी खरंच नव्हता की दिसला नाही हे कळत नाही. त्याच जागी परत परत गेलं की दिसण्याची शक्यता वेगळी काढता येते. मॅकेन्झी आणि सहकाऱ्यांची २००२ ची ऑक्युपन्सी पद्धत याच तत्त्वावर उभी आहे. पाच चौकटींवर ते मॉडेल उभं राहणार नाही, त्याला आणखी बऱ्याच लागतील. पण सवय आत्तापासून लागलेली बरी.

पहिल्या सकाळी तिने मला व्हॉट्सअॅपवर वहीच्या पानाचा फोटो पाठवला. मलठणची चौकट, ६:५० ते ७:२०, आकाश निरभ्र. चंडोल चार, माळटिटवी दोन, तित्तिराचा आवाज. खाली धाविकाच्या नावापुढे खोडून पुन्हा लिहिलेलं शून्य होतं, आणि त्याच्या शेजारी पेन्सिलीने, "मेंढपाळ म्हणाला परवा संध्याकाळी दोन होते. धरू का?"

नाही धरायचं, असं कळवलं. शेऱ्याच्या रकान्यात मात्र लिहून ठेव, आणि पुढच्या खेपेला मेंढपाळाला वेळ विचार.